गाडी मध्येच बंद पडते, पण स्कॅनर म्हणतो ‘सगळं ठीक’: असा बिघाड शोधतात कसा?

सिग्नलला उभी असलेली गाडी अचानक गप्प होते. किंवा चढावर तिसऱ्या गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवर असूनही इंजिन सुटतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून सेल्फ मारला की काही झालंच नाही अशा थाटात ती चालू होते. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो आणि पडद्यावर येतं: एकही फॉल्ट कोड नाही. मेकॅनिक एक चक्कर मारून आणतो, गाडी सुतासारखी सरळ चालते. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, पुढच्या महिन्यात कॉइल, त्यानंतर पेट्रोलचा पंप. खिशातून दहा-वीस हजार जातात आणि गाडी पुन्हा एकदा पुलाच्या मधोमध बंद पडते.

कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं इथे गृहीत धरलं जातं. पण कोड न येणं हीसुद्धा एक माहितीच आहे. ती वाचण्यासाठी कोड मुळात कशासाठी निर्माण झाले हे आधी पाहावं लागतं.

कोड कोणासाठी लिहिले जातात?

गाडीतल्या निदानयंत्रणेला ओबीडी म्हणतात. तिचा जन्म मेकॅनिकच्या सोयीसाठी झाला नाही, धुरासाठी झाला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने हवेच्या प्रदूषणापायी अशी यंत्रणा सक्तीची करायला सुरुवात केली आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींत तिची दुसरी, प्रमाणित आवृत्ती आली. भारतात चारचाकींसाठी भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर एप्रिल २०१० मध्ये पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ मध्ये दुसरा टप्पा लागू झाला. धूर मर्यादेबाहेर जाईल असं काही बिघडलं तर चालकाला पिवळा दिवा दाखवायचा, हे तिचं मूळ काम. गाडी बंद का पडली हे सांगणं तिच्या कामाच्या यादीत जवळजवळ नाहीच.

दुसरी गोष्ट, ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक फक्त तेच पाहू शकतो जिथे त्याचा सेन्सर बसवलेला आहे. बऱ्याच साध्या पेट्रोल गाड्यांत इंजेक्टरच्या नळीतला दाब मोजणारा सेन्सरच नसतो. पंप थकला आणि तीन-साडेतीन बारऐवजी दीड बार दाब देऊ लागला, तरी ईसीयूला ते थेट कळायला मार्ग नाही.

तिसरं कारण सगळ्यात मजेशीर आहे. ईसीयूचाच वीजपुरवठा क्षणभर तुटला, तर नोंद करणार कोण? त्याच्या लेखी कोणीतरी चावी बंद केली, एवढंच घडलेलं असतं. क्रँकशाफ्ट सेन्सरचंही थोडंफार असंच. इंजिन फिरतंय हे ईसीयूला या सेन्सरच्या ठोक्यांवरून समजतं. ठोके थांबले की त्याच्या दृष्टीने इंजिन थांबलं, आणि थांबलेल्या इंजिनला पेट्रोल व ठिणगी देणं तो बंद करतो. इंजिन खरंच थांबलं होतं की सेन्सर मुका झाला होता, हे ताडून पाहण्याची सोय प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक परिस्थितीत नसते.

शिवाय अनेक कोड पहिल्या चुकीला पक्के होत नाहीत. एका फेरीत चूक दिसली तर ती ‘पेंडिंग’ म्हणून बाजूला ठेवली जाते आणि पुढच्या फेरीतही दिसली तरच दिवा लागतो. अधूनमधून होणारा बिघाड या चाळणीतून सहज निसटतो. गॅरेजला नेण्याआधी कोणी बॅटरीची तार काढून पुन्हा लावली असेल, तर उरलासुरला पुरावाही पुसला गेलेला असतो. त्यामुळे स्कॅनर लावणाऱ्याने पक्के कोड पाहून थांबू नये. पेंडिंग कोड आणि इतर कंट्रोल युनिटमधले कोडही पाहायला हवेत. इमोबिलायझरचा गोंधळ असेल, म्हणजे गाडी चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर त्याची नोंद अनेकदा इंजिनच्या नाही, तर वेगळ्या युनिटमध्ये असते. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर तिथपर्यंत सहसा पोहोचतच नाहीत.

बंद पडताना नेमकं काय झालं?

अशा बिघाडात सगळ्यात मोलाचा साक्षीदार म्हणजे चालक. पण त्याला प्रश्न विचारले जात नाहीत, आणि तो आपणहून सांगतो ते एवढंच: ‘गाडी बंद पडते.’

पहिला प्रश्न, इंजिन झटक्यात बंद पडलं की आचके देत? दिव्याचं बटण दाबावं तसं क्षणात बंद पडलं, तर संशय विजेवर जातो: क्रँक सेन्सर, इग्निशनचा पुरवठा, मेन रिले, अर्थची तार. आधी पिकअप गेला, गाडीने दोन-चार गचके खाल्ले, मग मान टाकली, तर इंधन किंवा हवेकडे पाहायचं.

दुसरा प्रश्न डॅशबोर्डचा. बंद पडताना आरपीएमचा काटा काय करत होता? गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर चाकं इंजिनला फिरवत राहतात. अशा वेळी गाडी पुढे सरकत असूनही काटा एकदम शून्यावर पडला, तर क्रँक सेन्सरचा संकेत किंवा ईसीयूचा पुरवठा गेला असण्याची शक्यता बरीच. काटा वेगाबरोबर हळूहळू खाली आला, तर ईसीयूला इंजिनचं फिरणं दिसत होतं, फक्त इंजिनात जळत काही नव्हतं. नव्या गाड्यांत काट्याला माहिती वेगळ्या मार्गाने येते, त्यामुळे ही खूण तिथे तितकी खात्रीची नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. डॅशबोर्डच काळा झाला, रेडिओही गेला, तर इंजिनला हात लावण्याआधी बॅटरीची टर्मिनल, मुख्य अर्थ आणि इग्निशन स्विच तपासायचे. डॅशबोर्डवर तेलाचा आणि बॅटरीचा लाल दिवा लागला असेल तर घाबरायचं कारण नाही. इंजिन थांबल्यावर ते लागतातच.

तिसरा प्रश्न परिस्थितीचा, आणि इथे खरं सोनं सापडतं. गाडी गरम झाल्यावरच बंद पडते आणि निवल्यावर चालू होते, तर क्रँक सेन्सर आणि पेट्रोलचा पंप हे दोन नेहमीचे संशयित. सेन्सरच्या आतली बारीक तार उष्णतेने प्रसरण पावली की तुटक जोड उघडतो, थंड झाला की पुन्हा जुळतो. एसी लावून सिग्नलला उभं राहिल्यावरच बंद पडते, तर थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन पाहावा. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांवर चालतं. एसीचा भार पडला की ईसीयू थोडी जास्त हवा सोडून त्याला सावरतो, पण कार्बनने वाट अरुंद केली असेल तर ती हवा वेळेवर पोहोचत नाही. (थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही गाड्यांत ईसीयूला नवं माप शिकवावं लागतं. ते न केल्यास साफसफाईनंतर गाडी आणखी बंद पडते आणि दोष मेकॅनिकच्या माथी जातो.)

पेट्रोल भरून निघाल्यावर पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्येच बंद पडते, ही तक्रार ऐकून बरेच जण पंपवाल्याला शिव्या घालतात. कधी कधी ते बरोबरही असतं. पण दर वेळी, वेगवेगळ्या पंपांवर हेच होत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह पाहावा. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या एका डब्यात साठवतात आणि या व्हॉल्व्हमधून थोडी थोडी इंजिनात सोडतात. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर टाकी भरताना उसळलेली सगळी वाफ एकदम इंजिनात जाते आणि ते गुदमरतं. टाकीत पेट्रोल कमी असताना चढावर किंवा वळणावर बंद पडणं, हे त्याहून साधं प्रकरण. पंपाच्या तोंडाशी पेट्रोलच पोहोचत नाही.

पावसाळ्यात बंद पडणाऱ्या गाडीचे दोन रस्ते आहेत. एक, वायरिंगच्या कपलरमध्ये शिरलेलं पाणी. दुसरा, टाकीत गेलेलं पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंपाचं तोंडही तळाशीच असतं.

सीएनजीवाल्यांच्या हातातली फुकट चाचणी

पुणे-मुंबईकडच्या सीएनजी गाडीवाल्यांकडे एक साधन आहे जे नुसत्या पेट्रोल गाडीवाल्यांकडे नाही: इंधन बदलण्याचं बटण. गाडी फक्त पेट्रोलवर बंद पडत असेल आणि गॅसवर कितीही चालवली तरी पडत नसेल, तर क्रँक सेन्सर, कॉइल, इग्निशन स्विच हे सगळे जवळजवळ निर्दोष सुटतात, कारण ते दोन्हीकडे तेच आहेत. उरतात पंप, त्याचा रिले, फिल्टर आणि पेट्रोलचे इंजेक्टर. उलट फक्त गॅसवर बंद पडत असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि किटचं वायरिंग. दोन्हींवर पडत असेल तर इंधन बाजूला ठेवून विजेच्या मागे लागायचं. आठवडाभर हे पाहून लिहून ठेवलं तर निम्मं निदान गॅरेजच्या बाहेरच झालेलं असतं.

मग मेकॅनिकने काय करायचं?

स्कॅनर कोड दाखवत नसला तरी चालू माहिती दाखवतो, आणि तिच्यात एक आकडा फार बोलका आहे: फ्युएल ट्रिम. धुरातल्या ऑक्सिजनवरून ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, हे तो सांगतो. पाच-सात टक्क्यांचा फरक रोजचाच. कोड मात्र बऱ्याच गाड्यांत वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेल्यावर उमटतो. म्हणजे पंधरा टक्के जास्त पेट्रोल ओतून इंजिन कसंबसं चालत असेल, तरी पडदा ‘ठीक’ म्हणणार. हा आकडा उभ्या गाडीत जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल, तर कुठून तरी चोरून हवा शिरते आहे. भार पडल्यावर वाढत असेल, तर पेट्रोल अपुरं येतंय. डिझेलच्या कॉमन रेल इंजिनांत हेच काम रेल प्रेशर करतं: ईसीयूने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी ठेवले की तुंबलेला फिल्टर किंवा नळीत शिरलेली हवा लपत नाही.

तरीही खरी अडचण राहते. गाडी गॅरेजमध्ये बंद पडत नाही. यावर जुन्या इलेक्ट्रिशियनांचा उपाय आजही सगळ्यात भरवशाचा आहे: सापळा लावायचा. दोन छोटे बल्ब घ्यायचे. एक पेट्रोलपंपाच्या पुरवठ्याला समांतर जोडायचा, दुसरा ईसीयूच्या पुरवठ्याला. दोन्हींच्या तारांवर छोटे फ्यूज टाकून त्या आत आणायच्या आणि बल्ब चालकाशेजारी बसणाऱ्याला दिसतील असे चिकटवायचे. मग गाडी चालवत राहायची. बंद पडत असताना पंपाचा बल्ब आधी विझला, तर रिले किंवा त्याची वायर. ईसीयूचा विझला, तर मेन रिले, इग्निशन स्विच किंवा फ्यूज. पंपाचा बल्ब तेजात राहूनही इंधनाचा दाब पडला, तर पंप स्वतःच किंवा तुंबलेला फिल्टर. दाब दाखवणारं गेज यासाठी वेगळं लावावं लागतं. दोन्ही बल्ब आणि दाब ठीक असताना इंजिन बंद पडलं, तर क्रँक सेन्सर आणि ठिणगीकडे वळायचं. एक बारकावा ध्यानात ठेवायचा: क्रँकचे ठोके थांबले तर ईसीयू स्वतःच सेकंद-दोन सेकंदांनी पंप बंद करतो. म्हणून इंजिन आधी थांबलं की बल्ब आधी विझला, हा क्रम महत्त्वाचा.

काही बिघाड बोलावूनही आणता येतात. चालू इंजिनवर वायरिंगची जुडगी आणि कपलर एक-एक करून हलवायचे. क्रँक सेन्सरला हेअर ड्रायरने ऊब द्यायची आणि इंजिन बंद पडलं की त्याच्यावर थंड पाणी शिंपडून लगेच चालू होतं का पाहायचं. हॉर्नचा आणि पंपाचा रिले एकाच जातीचा असेल तर त्यांची अदलाबदल करायची. रिलेच्या आतले झाळ दिलेले जोड वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतात. १९९०च्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले याबद्दल जगभर ओळखला जायचा: उन्हात उभी केलेली गाडी चालू व्हायची नाही, संध्याकाळी व्हायची. अर्थच्या तारांची परीक्षा मल्टिमीटरने इंजिन चालू ठेवून, भाराखाली घ्यायची. बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनचा सांगाडा यांच्यात दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर तिथे गंज आहे.

या सगळ्याला वेळ लागतो. गाडी दोन-तीन दिवस ठेवून घेऊन फिरवणाऱ्या मेकॅनिकने त्या वेळेचे पैसे मागितले तर ते जास्त वाटतात, पण न लागणारा एक पंप त्याहून महाग असतो. आपल्याकडे सुट्या भागाचे पैसे आनंदाने दिले जातात आणि शोधण्याचे देताना हात आखडतो. अंदाजाने भाग बदलण्याची सवय मेकॅनिकांना लागली, त्यात याचाही वाटा आहे.

एका चावीची गोष्ट

कोड नसलेला बिघाड किरकोळ मानला की काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण जनरल मोटर्सचं आहे. शेवरोले कोबाल्ट आणि सॅटर्न आयन यांसारख्या गाड्यांत इग्निशन स्विचच्या आतला छोटा खटका ठरलेल्या मापापेक्षा कमी ताकदीचा होता. चावीला जड जुडगा असला, गुडघा लागला किंवा गाडी खड्ड्यात आपटली, तर चावी ‘चालू’वरून एक घर मागे सरकायची. इंजिन बंद, स्टीअरिंगची मदत बंद. आणि त्या स्थितीत एअरबॅगही उघडत नव्हत्या. ईसीयूच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नव्हतं, कोणीतरी चावी फिरवली होती.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं अशा तक्रारी २००४-०५ पासून येत होत्या. कंपनीत तो ग्राहकांच्या गैरसोयीचा प्रश्न ठरवला गेला, सुरक्षेचा नाही. युक्तिवाद असा की इंजिन बंद पडलं तरी जोर लावून गाडी वळवता येते. पुढे २००६ मध्ये स्विचचा खटका गुपचूप मजबूत करण्यात आला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे जुना स्विच आणि नवा स्विच कागदावर एकच दिसत होते आणि कोबाल्टच्या जुन्या गाड्यांतच अपघात का होतात, हे तपासणाऱ्या कंपनीच्याच माणसांना उमगेना. अखेर जॉर्जिया राज्यातल्या २०१० च्या एका जीवघेण्या अपघाताच्या खटल्यात फिर्यादीच्या तज्ज्ञाने दोन्ही स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा फरक उजेडात आला.

फेब्रुवारी २०१४ पासून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले आणि २०१५ मध्ये अमेरिकी सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड झाली. इग्निशन स्विच सैल वाटत असेल तर चावीला घराच्या, ऑफिसच्या आणि कपाटाच्या चाव्यांचा जुडगा लटकवू नये, हा सल्ला तिथूनच सर्वदूर गेला. किल्ली घालून चालणाऱ्या जुन्या गाडीत ही तपासणी घरीही होते: उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून चावी हळूच हलवून पाहायची. इंजिन फडफडलं तर संशयित सापडला.

रस्त्यात बंद पडलीच तर

चावी पूर्ण मागे फिरवू नये. स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. ब्रेकमध्ये साठलेली पोकळी दोन-तीन दाबांपुरती मदत करते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच, दाबून धरावा. पुढचे दाब फार कडक लागतात, पण ब्रेक लागतो. स्टीअरिंग जड होतं, तेही दोन्ही हातांनी वळतं. हजार्ड दिवे लावून गाडी डावीकडे घ्यावी, त्रिकोण मागे अंतरावर ठेवावा आणि घाटात किंवा द्रुतगती मार्गावर गाडीत बसून न राहता कठड्यापलीकडे उभं राहावं. दोनदा बंद पडलेली गाडी कारण सापडेपर्यंत घाटात न्यायची नाही, एवढी शिस्त तरी पाळावी.

गॅरेजला जाण्याआधी एक क्रमांक

कधी कधी बिघाड त्या एका गाडीचा नसतोच. जानेवारी २०२० मध्ये टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या, कारण डेन्सो कंपनीच्या पेट्रोलपंपातला प्लॅस्टिकचा छोटा पंखा पेट्रोल शोषून फुगत होता आणि पंपाच्या भिंतीला घासून अडकत होता. गाडी चालता चालता बंद. भारतात होंडाने पेट्रोलपंपातल्या पंख्याच्याच कारणावरून जून २०२० मध्ये ६५ हजारांहून अधिक आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ९० हजारांहून अधिक गाड्यांचे पंप बदलून देण्याची घोषणा केली. मारुतीनेही मार्च २०२४ मध्ये २०१९ साली बनलेल्या सुमारे १६ हजार बलेनो आणि वॅगन आर गाड्या पंपाच्या मोटरमधल्या भागासाठी परत बोलावल्या. अशा मोहिमेत भाग फुकट बदलून मिळतो, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असली तरी. पण कंपनीचं पत्र जातं ते नोंदीतल्या जुन्या पत्त्यावर, म्हणून सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला ते अनेकदा मिळतच नाही. आरसी बुकवरचा १७ अक्षरांचा चासी क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवरच्या रिकॉलच्या पानावर टाकला, तर गाडी यादीत आहे की नाही हे लगेच कळतं.